आधी रात्री मोजा

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, ओळखीच्या खुणा काढून, थोडक्यात :

मी त्रेचाळीस वर्षांची आहे, स्वतःची बाईक चालवते. ऑगस्टमध्ये लडाखला जायचं ठरतंय. मी आणि नवरा आपापल्या बाईकवर, नवऱ्याचा मित्र तिसऱ्या बाईकवर आणि मित्राची बायको त्याच्यामागे. बाईक ट्रान्सपोर्टने मनालीला पाठवायच्या आणि श्रीनगरहून परत पाठवायच्या. घरून जायचे-यायचे दिवस वगळले तर डोंगरात दहा दिवस मिळतात. नवऱ्याने आखलेला कार्यक्रम असा : मनाली ते सरचू, सरचू ते लेह, लेह ते नुब्रा, नुब्रा ते पँगाँग, पँगाँग ते हानले, उमलिंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) करून पुन्हा हानले, हानले ते लेह, लेह ते कारगिल, कारगिल ते श्रीनगर. हे नऊ दिवस झाले. दहावा उरतो म्हणून त्यात त्सो मोरीरी तलाव. मी म्हटलं, दोन दिवस आरामाला ठेवू, तर उत्तर आलं, ‘एवढं लांब जाऊन हॉटेलात झोपायचंय का?’ मित्राच्या ऑफिसातल्या पोरांनी हेच सगळं याहून कमी दिवसांत केलं म्हणे. मी रोज व्यायाम करते, पण घाटात आमच्यात मीच सगळ्यात हळू असते आणि आपल्यामुळे सगळे अडतात असं मला वाटत राहतं. परत कधी जाणं होईल असं दिसत नाही, म्हणून काही सोडवतही नाही. दिवस किती लागतात ते एकदा सांगा. की मीच उगाच घाबरतेय?

नमस्कार,

आकडा मागितलात, तर आधी आकडाच देते. दहा दिवसांत लडाख छान होतं. तुमच्या घरच्या कागदावरचं लडाख मात्र चौदा-पंधरा दिवसांचं आहे आणि ते दहात कोंबलंय. घाबरट तुम्ही नाही. हिशेब चुकीच्या टोकाकडून सुरू झालाय, एवढंच.

असे कार्यक्रम साधारण एकाच पद्धतीने तयार होतात. बघायच्या ठिकाणांची यादी करायची, दोन ठिकाणांमधले किलोमीटर नकाशावर पाहायचे आणि दिवसाला एक ठिकाण वाटून टाकायचं. सपाटीवर हे चालून जातं. डोंगरात मात्र तुम्ही दिवसभरात किती अंतर कापलंत यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात हे जास्त महत्त्वाचं. दिवसा खिंड ओलांडून पलीकडे उतरलात तर शरीर ते बऱ्यापैकी सोसतं. त्याला जड जाते ती उंचीवरची झोप. म्हणून यजमानांचा कागद घ्या आणि ठिकाणांच्या नावांपुढे फक्त रात्रीची उंची लिहा.

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, सरचू जवळपास ४,३०० वर. म्हणजे पहिल्याच दिवशी, ४,८९० मीटरची बारालाचा ला ओलांडून, तुम्ही सव्वादोन हजार मीटर वर जाऊन तंबूत झोपणार. उंचीवरच्या आजाराबद्दल डॉक्टर जे सांगतात ते अगदी सोपं आहे : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर मुक्काम करावा. तुमच्या कार्यक्रमात हा नियम पहिल्याच रात्री मोडतो, आणि तोही थोडाथोडका नाही. सरचूला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच राहतं, एकवीस टक्के, पण हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी येतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हा त्रास बहुतेकदा पोचल्यावर काही तासांनी सुरू होतो. म्हणजे संध्याकाळी सगळे मजेत असतात आणि रात्री दोन वाजता तंबूत उठून बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्याच अवस्थेत गाटा लूप्सची एकवीस वळणं, नकी ला, पाच हजारांवरची लाचुलुंग ला आणि ५,३२८ मीटरची तांगलांग ला पार करायची.

लेहला पोचल्यावर तरी थांबाल म्हणावं, तर तिसऱ्या दिवशी सकाळी खारदुंग ला. ‘हॉटेलात झोपायचंय का’ या प्रश्नाचं माझं उत्तर : हो, लेहला एक पूर्ण दिवस झोपायचं, बाजारात रमतगमत फिरायचं, पाणी पीत राहायचं, दारूला हात लावायचा नाही. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांना तर दोन दिवस आराम करा असंच सांगतात, कारण ते तासाभरात ३,५०० मीटरवर येऊन पडलेले असतात.

व्यायामाचा उल्लेख तुम्ही केलात, त्याबद्दलही बोलू. रोजचा व्यायाम बाईकवर आठ तास बसायला उपयोगी पडतो, उंचीपासून तो वाचवत नाही. उंची कुणाला लागेल हे दंड बघून सांगता येत नाही. उलट धडधाकट माणसं भराभर वर जातात आणि डोकं दुखत असलं तरी बोलत नाहीत, म्हणून जास्त अडकतात. तुमच्या चौघांत पहिला आडवा होणारा माणूस सगळ्यात वेगाने बाईक चालवणाराही असू शकतो. मित्राच्या ऑफिसातल्या पोरांनी कमी दिवसांत केलं असेल, मी नाही म्हणत नाही. त्यांच्यातल्या किती जणांनी पँगाँगची रात्र उलट्या करत काढली, हे कुणी फोटोखाली लिहीत नाही.

आता वेळेचं. मनाली ते लेह हा रस्ता अटल बोगदा झाल्यापासून, म्हणजे २०२० पासून, रोहतांगचा चढ टळल्यामुळे तेवढा आखूड झाला आणि नकाशात तो सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरचा दिसतो. महामार्गावर तुम्ही हे अंतर एका दिवसात कापलं असेल. इथे थांबे, खडी, लष्कराच्या गाड्यांचे ताफे आणि रस्त्याची कामं धरून सरासरी ताशी पंचवीस-तीसची धरा, त्याहून जास्त पडली तर नशीब. बर्फ वितळून येणारे नाले सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारनंतर फुगतात, त्यामुळे ते दुपारच्या आत ओलांडावेत. म्हणजे दिवस बारा तासांचा असला तरी तुमच्या हातात त्यातले सातआठच. बाईकचाही दम कमी होतो. दर हजार मीटरला इंजिनची ताकद साधारण दहाव्या हिश्शाने घटते. तुमचा हात चढावर हळू चालतो, त्यात निम्मा दोष उंचीच्या माथी मारा.

तुमच्या कार्यक्रमात माझ्या मते सर्वांत मोठी गफलत दहाव्या दिवसाची आहे. तो ‘उरतो’ म्हणून त्यात त्सो मोरीरी भरलंत. खरं तर प्रत्येक डोंगरी सहलीत दोन वेगवेगळे मोकळे दिवस लागतात आणि लोक त्यांना एकच समजतात. एक दिवस शरीराचा. तो आधीच ठरलेला असतो, लेहला पोचल्यानंतरचा, आणि तो कुणालाही द्यायचा नाही. दुसरा दिवस रस्त्याचा. दरड कोसळली, झोजी ला बंद झाली, कुणाची क्लचप्लेट गेली की तो खर्ची पडतो. तो सहलीच्या उत्तरार्धात, लेहमधून बाहेर पडायच्या आधी असावा. काहीच बिघडलं नाही तर ठिकसे, हेमिसचे मठ पाहा, नाहीतर आलचीला जाऊन या, दिवस वाया जात नाही. पण आरामाचा दिवस रस्त्याला दिलात तर शरीर उपाशी राहतं, आणि राखीव दिवस आरामात घालवलात तर पहिली दरड आली की तुम्ही रात्री गाडी चालवून परतीचं विमान गाठायला निघता. अपघात होतात ते अशाच वेळी. परतीचं तिकीट डोंगरातल्या शेवटच्या दिवसाला चिकटून काढू नका, मध्ये एक रात्र असू द्या.

तर मी काय करेन? पहिली गोष्ट, सहल उलटी फिरवेन. बाईक श्रीनगरला पाठवायच्या आणि मनालीहून परत. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर. पहिला मुक्काम कारगिल, २,७०० च्या आत. वाटेत झोजी ला साडेतीन हजारांवर आहे, पण तिच्यावरून तुम्ही फक्त जाता, झोपत नाही. दुसऱ्या दिवशी नमिका ला, मग ४,१०८ मीटरची फोटू ला, लामायुरू, आणि रात्री लेह. कारगिल ते लेह ही झोपायच्या उंचीतली वाढही पाचशेहून जास्तच आहे, म्हणून तिसरा दिवस लेहमध्ये काहीही न करण्याचा. चौथ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा. खिंडीत फोटो काढायला वीस मिनिटं पुरतात, तिथे रेंगाळू नका. तिथल्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट असं लिहिलेलं असायचं. जीपीएसने मोजली तर खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जराशी वर भरते. फोटो पाटीसकट काढा, काही बिघडत नाही. नुब्रातली दिस्कीत आणि हुंदर ही गावं ३,१०० च्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खाली. तिथे शांत झोप लागते, म्हणून पाचवा दिवसही नुब्रातच. दम असेल तर तुर्तुक गावाला जाऊन या, नसेल तर नका जाऊ. सहाव्या दिवशी श्योक नदीच्या काठाने पँगाँग, सातव्या दिवशी चांग ला करून लेह. आठवा दिवस रस्त्यासाठी राखीव. नववा सरचू, दहावा मनाली. त्याच सरचूला तुम्ही झोपणार, पण आता शरीर आठवडाभर उंचीत मुरलेलं असेल आणि दुसऱ्या दिवशी बारालाचा ला ओलांडली की तुम्ही खालीच उतरणार.

यात हानले, उमलिंग ला आणि त्सो मोरीरी नाहीत. माहीत आहे, यजमानांना उमलिंग लाच हवी असणार. २०२१ साली सीमा सडक संघटनेने तिथला रस्ता पूर्ण केल्यापासून प्रत्येक बाईकवाल्याला ती हवी असते. ती सुमारे ५,८०० मीटरवर आहे. एव्हरेस्टचा नेपाळकडचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, म्हणजे तुम्ही त्याहूनही चारशे मीटर वर बाईक नेणार, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो. तिथवर जायला आधी हानलेत, म्हणजे सव्वाचार हजारांच्या वर, किमान दोन रात्री तरी काढायला हव्यात. तेवढे चार दिवस जादा मिळाले तर जरूर जा. आकाश निरभ्र असेल तर हानलेच्या रात्रीसाठी मी स्वतः खारदुंग ला आनंदाने सोडून देईन. पण ती नंतरची गोष्ट, आणि त्यासाठी पँगाँग सोडायची तयारी हवी.

बाईक मनालीला पाठवायचं पक्कं झालं असेल आणि आता बदलता येत नसेल, तर पहिल्या दोन रात्री जिस्पाला, साधारण ३,२०० मीटरवर. या रस्त्याची अडचण अशी की जिस्पाच्या जरा पुढे गेलात की लेह जवळ येईपर्यंत झोपायला नीट उंचीची जागाच नाही. ज्या आहेत त्या बहुतेक चार हजारांच्या वर. जिस्पाहून एका दमात लेह गाठणं तुमच्या चमूला झेपणार नाही असं पत्रावरून वाटतं. म्हणून तिसरी रात्र सरचू ही तडजोड, चौथी लेह, पाचवा दिवस लेहमध्ये आराम. मग पुढे नुब्रा किंवा पँगाँग यातलं एकच. मी नुब्रा निवडेन. आणखी एक, रजा हलवता येत असेल तर ऑगस्टऐवजी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघा. मनालीच्या बाजूचा पाऊस ओसरू लागलेला असतो, नाल्यांचं पाणी कमी होतं. रात्री जास्त गार असतात, तेवढं एक जास्तीचं स्वेटर घ्या.

तुमच्यासारखीच पत्रं आणखीही येतात, त्या मंडळींसाठी दोन गोष्टी मध्येच सांगून टाकते. बाईक भाड्याने घेणार असाल तर मनाली किंवा श्रीनगरहून घेतलेली बाईक लेहवाले नुब्रा-पँगाँगला नेऊ देत नाहीत. तिथल्या फेरीसाठी लेहचीच बाईक घ्यावी लागते, त्यात अर्धा दिवस जातो, तो आधीच धरा. आणि ज्यांच्याकडे डोंगरातले सातच दिवस आहेत त्यांनी लडाखच्या रस्त्याचा हट्ट धरू नये. विमानाने लेहला जा, दोन दिवस लेहमध्येच राहा, नुब्रात दोन रात्री काढा, परत या. बाईक चालवायचीच हौस असेल तर शिमल्याहून किन्नौरमार्गे स्पिती बघा. कल्पा, ताबो, काझा अशी उंची हळूहळू चढत जाते, शरीराला वेळ मिळतो, आणि ताबोचा हजार वर्षांहून जुना मठ लडाखच्या कुठल्याही मठाइतकाच बघण्यासारखा आहे.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला जास्त टोचली तिच्याकडे येते : ‘आपल्यामुळे सगळे अडतात.’ कोणी तसं बोललंय का, की तुम्हीच मनाशी धरून बसलात? बोललं असेल तर ते चुकीचं आहे, आणि बोललं नसेल तर विचारून बघा. तीन बाईकच्या चमूचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा असतो. हा नियम शहाण्या चमूंनी स्वतःहून केलेला असतो, त्यात कुणाची मेहेरबानी नसते. चढावर तुम्ही मागे राहू नका, मधे चाला. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागची दिसल्याशिवाय हलायचं नाही. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम कार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडही बऱ्याच पट्ट्यात गप्पच असतात, त्यामुळे ‘फोन करतो’ यावर भिस्त ठेवू नका.

आणि मागे बसणारी चौथी? तुमच्या पत्रात तिचं मत कुठेच नाही. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यात असतं, मागे बसलेलीला प्रत्येक खड्डा कंबरेत मोजावा लागतो, वर थंडीही तिलाच जास्त लागते. तिला विचारा, दिवसाला किती तास बसवेल. मला वाटतं, तुम्हाला न मागता एक मत मिळेल.

सहल ठरवायला बसाल तेव्हा दिवसांवर वाद घालू नका, तिथे ‘मला वाटतं’ विरुद्ध ‘मला वाटतं’ होतं आणि मोठ्याने बोलणारा जिंकतो. रात्रीच्या उंच्यांचा कागद समोर ठेवा, एवढंच. यजमान हुशार दिसतात, नऊ मुक्काम त्यांनी न चुकता बसवलेत, आकडे बघून ते स्वतःच सरचू खोडतील. मग एकच करार सगळ्यांनी कबूल करायचा : चौघांपैकी कुणीही ‘आज इथेच थांबू’ म्हटलं तर त्या दिवशी त्यावर चर्चा नाही. कारण द्यावं लागलं की माणसं डोकेदुखी लपवतात. डोकं दुखत असताना पेनकिलर घेऊन आणखी वर चढणं हा तर शुद्ध वेडेपणा. डोकेदुखी असेपर्यंत त्याच उंचीवर थांबायचं. बसल्याजागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर फुफ्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. तेव्हा सकाळची वाट न बघता, रात्र असली तरी गाडी करून खाली उतरायचं, बाईक तिथेच सोडून. असेटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, घ्यायची का हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तसं सांगा. ती गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, वाचवलेले दिवस भरून काढत नाही.

‘परत जाणं होणार नाही’ असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही त्रेचाळीसच्या आहात, बाईक तुमची आहे, चालवता येते. कशावरून नाही होणार? मला तर वाटतं, ही एकदाच होणारी सहल आहे असं गृहीत धरल्यामुळेच त्यात उमलिंग ला, त्सो मोरीरी, सगळं घुसलंय. हानलेचा भाग वेगळा ठेवा, तीन-चार वर्षांनी, विमानाने लेह आणि तिथूनच भाड्याच्या बाईक, असा.

नुब्रा, पँगाँगसाठी परवाना किंवा शुल्क लागतं का, ते निघण्याआधी आठवडाभर सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या, नियम दर मोसमाला थोडे हलतात. ट्रान्सपोर्टवाल्याला मात्र आजच फोन करा आणि बाईक श्रीनगरला उतरवून मनालीहून उचलता येतील का ते विचारा. बाकीचं बुकिंग त्याच्या उत्तरानंतर.